गुंड्याची केस : दार बंद केलं, ताट तेच ठेवलं

आत्याच्या बोक्याची ही सगळी हकीकत मी एकदा नीट लिहून काढतेय, कारण गेल्या वर्षभरात मला आठ-दहा जणांनी तोच प्रश्न विचारलाय, की मांजर घरात ठेवू का बाहेर सोडू, आणि दरवेळी मी गुंड्याचं उदाहरण देते आणि दरवेळी अर्धंच सांगून होतं. म्हणून आता वजनं-हिशोब-भांडणं सगळं धरून. मी डॉक्टर नाही बरं का. मांजरं सांभाळून, पिल्लांना घरं शोधून आणि दवाखान्याच्या बाकावर तासन्तास बसून जे कळलं ते कळलं, बाकीचं गुंड्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं.

गुंड्या आला २०१९ च्या पावसाळ्यात. डोंबिवली पूर्वेला आत्याचं तळमजल्यावरचं घर, तीन मजल्यांची जुनी बिल्डिंग, मागच्या दाराला लागून मोरी, मोरीमागे गटार, गटारापलीकडे एक फणस. केशरी-पांढरा, तेव्हा मुठीएवढा, आणि आल्या दिवसापासून गुंड. मागचं दार दिवसभर उघडंच असायचं त्यामुळे तो घरातला का बाहेरचा हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नाही, भूक लागली की आत, पोट भरलं की बाहेर, रात्री काकांच्या पायाशी. त्याचं खाणं म्हणजे सकाळी वाटीभर दुधात कुस्करलेली पोळी, दुपारी कोळीण येऊन गेली की मांदेलीची नाहीतर बोंबलाची डोकी, आणि रात्री काकांच्या ताटातलं जे पदरात पडेल ते. काका सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, आमचा बोका पोळीवर वाढलाय.

तर तो पोळीवर वाढला नव्हता. तो वाढला होता गटारातल्या उंदरांवर, पाली-झुरळांवर आणि फणसावरच्या एखाद-दुसऱ्या दुर्दैवी पाखरावर. मांजर पक्कं मांसाहारी जनावर आहे, आवडीने नाही, शरीराच्या गरजेने. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच मिळायला लागतं, नाही मिळालं तर डोळे जातात आणि हृदय फुगतं. अमेरिकेत डेव्हिसच्या व्हेट कॉलेजातल्या लोकांनी १९८७ मध्ये हे हृदयाचं प्रकरण उलगडून दाखवलं, आणि तेव्हा तर विकतच्या खाण्यातसुद्धा टॉरिन कमी पडत होतं, नंतर कंपन्यांनी वाढवलं. दूध-पोळीत ते जवळपास नाहीच. म्हणजे आत्याची वाटी ही गुंड्याची मधल्या वेळची बिस्किटं होती आणि खरं जेवण तो बाहेरून करून यायचा, फक्त त्याची थाळी कुणाला दिसत नव्हती.

दिसत नसलेली अजून एक गोष्ट म्हणजे जुलाब. मोठ्या मांजरांना दुधातली साखर बहुतेक वेळा पचत नाही, पिल्लूपण संपलं की ती पचवणारं एन्झाइम कमी होत जातं, आणि गंमत म्हणजे त्यांना गोड चव कळतच नाही, दुधाची ओढ असते ती त्यातल्या स्निग्धाची. गुंड्याला चार वर्षं दूध बाधत असणार, पण तो जायचा फणसाखाली आणि उकरून झाकून यायचा, मग कोणाला काय कळणार.

२०२१ मध्ये शेपटीच्या मुळाशी मोठं गळू झालं, दुसऱ्या बोक्याचा चावा होता, ते फोडून साफ करायला लागलं. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं की याचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाका, मारामाऱ्या कमी होतील, चाव्यांमधून एफआयव्हीसारखे (मांजरांची प्रतिकारशक्ती घालवणारे) विषाणू पसरतात तो धोकाही घटेल. काकांना ते फार जिवावर आलं ("पुरुष माणसाचं असं..." वगैरे), पण झालं. वजन तेव्हा ४.३ किलो, पोट आत, पाठ सरळ, एकदम तालमीतला पैलवान.

मग आली रीडेव्हलपमेंट. २०२३ च्या डिसेंबरात बिल्डिंग रिकामी केली आणि आत्या-काका भाड्याने पश्चिमेला गेले, पाचवा मजला, टू बीएचके, लिफ्ट, बिल्डरकडून भाडं. गुंड्याला तिथेच सोडावं असं दोन-तीन शेजाऱ्यांनी सुचवलं, मांजर माणसाला नाही घराला जीव लावतं म्हणे. पण घरच पाडणार होते. आत्याने ऐकलं नाही, प्लास्टिकच्या क्रेटला वरून कापड बांधलं आणि रिक्षातून घेऊन गेली, आणि ती बरोबर होती.

पहिले पंधरा दिवस भयंकर गेले. गुंड्या दारापाशी बसून रात्रभर रडायचा, ते रडणं ऐकून खालच्या मजल्यावरचे विचारायला आले की बाळ आहे का घरात. मातीत जायची सवय असलेल्या बोक्याला टबाची सवय लावली ती आत्याने स्वतःच्या डोक्याने, भाजीवाल्याकडे असतो तसला पसरट टब, त्यात आधी कुंडीतली माती आणि वाळू, मग रोज थोडं थोडं कॅट लिटर (मांजरांच्या टबासाठीची विकतची रेती) मिसळत गेली, आठवड्यात जमलं. हे मी तिच्याकडून शिकले. फेब्रुवारीत एकदा दूधवाल्याला पैसे द्यायला दार उघडलं तर हा पायातून निसटला, पाच मजले उतरला आणि गायब. दोन रात्री आम्ही टॉर्च घेऊन हिंडलो, काका तर पुलावरून पूर्वेला जाऊन पाडलेल्या बिल्डिंगच्या पत्र्याबाहेर हाका मारून आले, की जुन्या घरी गेला असेल. सापडला शेजारच्याच बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये, बोर्डाच्या मागे, धुळीने काळा. अनोळखी जागेत सुटलेलं मांजर बहुतेक वेळा लांब पळत नाही, जवळच कुठेतरी दबून बसतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही, त्यामुळे शोधायचं ते आधी पायाखाली. हे ज्यांचं मांजर हरवतं त्यांना मी आता पहिलं सांगते.

त्यानंतर दार पक्कं बंद. आणि इथून या केसची खरी सुरुवात.

दूध बंद झालं कारण आता टबात जे काही दिसायला लागलं ते बघून आत्या हादरली. मासे कमी झाले कारण नवीन बिल्डिंगमध्ये कोळीण वर येत नाही आणि लिफ्टमध्ये वास येतो म्हणून कुरकुर. मग काकांनी मोठी गोणी आणली कोरड्या खाण्याची, मोठी घेतली की स्वस्त पडते. आणि वाटी कायम भरलेली. आत्याच्या मनात अपराधीपणा होता ना, बिचाऱ्याचं बाहेरचं जग काढून घेतलं, निदान पोटभर खाऊ दे. गुंड्या दिवसभर एकच करू शकत होता, झोपून उठून खाणे, तर ते त्याने मनापासून केलं.

मी मार्चमध्ये गेले तेव्हा तो सोफ्यावर असा पसरलेला की मला आधी उशीच वाटली. मी म्हटलं आत्या हा जाडा झालाय गं. आत्या म्हणाली अगं मस्त अंग धरलंय. मी पण हसले आणि विषय सोडून दिला, हे माझं चुकलं, लिहून ठेवते. पाण्याची स्टीलची छोटी वाटी खाण्याला चिकटून ठेवलेली आणि जवळजवळ भरलेलीच. काका म्हणाले हा पाणी पीत नाही फारसा, गुणी आहे.

मे २०२४, रविवार संध्याकाळ. गुंड्या टबात जातोय, बसतोय, उठतोय, परत जातोय. आत्याला वाटलं पोट साफ होत नाहीये, तिने चमचाभर तूप चाटवलं. रात्री तो बाथरूमच्या जाळीवर जाऊन बसला, ओरडला, मागचं चाटत राहिला. काका म्हणाले दुखत असेल तर तापाची अर्धी गोळी देऊ का, आत्या म्हणाली नको, सकाळी बघू. त्या "नको"ने त्याचा जीव पहिल्यांदा वाचला, कारण पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला हाताळताच येत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. सोमवारी सकाळी उलटी झाली. अकराच्या सुमाराला आत्याने मला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं होतं, बद्धकोष्ठाला काय देतात?

व्हिडिओ बघून माझे हातपाय गार पडले. बोका, टबात वारंवार बसणं, जोर लावणं, काहीच बाहेर न पडणं, हे बद्धकोष्ठासारखं दिसतं पण बहुतेक वेळा लघवी तुंबलेली असते. बोक्यांचा लघवीचा मार्ग टोकाला इतका अरुंद असतो की खड्यांची बारीक रेती आणि चिकट स्राव यांचा गोळा झाला की बूच बसतं, भाटीला हे असं सहसा होत नाही. मी फोनवर सांगितलं, पोटाच्या मागच्या भागाला अगदी हलक्या हाताने हात लाव, दाबू नको. आत्या म्हणाली लिंबापेक्षा मोठं काहीतरी कडक लागतंय. म्हटलं आत्ता निघा, जेवायला पण थांबू नका.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि आधी छातीला ईसीजी लावला, तेव्हा काकांना कळेना की लघवीच्या दुखण्याला हृदय कशाला बघतात. कारण असं की लघवी बाहेर पडत नाही तेव्हा पोटॅशियम रक्तात साठत जातं आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडून थांबतात, मांजर मरतं ते त्याने. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, एवढीच काय ती मुदत असते. गुंड्याचे साधारण सोळा-सतरा तास होऊन गेले होते. सलाइन, इंजेक्शनं, गुंगी देऊन कॅथेटर, लघवी आली ती लाल पाण्यासारखी, दोन दिवस पिशवी लावून तिथेच. घरी आला बुधवारी, गळ्यात प्लास्टिकचा नरसाळा आणि तोंडावर सगळ्या जगाबद्दल तिरस्कार. बिल पंधरा हजारांच्या वर गेलं. वजन भरलं ५.९ किलो.

लघवीत स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक निघाले. आत्या म्हणाली, म्हणजे मुतखडाच की, मांजराला पण होतो? डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं, त्यांना तहान कमी लागते आणि लघवी खूप दाट करून पाणी वाचवता येतं. त्यांचं पाणी मुख्यतः शिकारीतून येतं, उंदराच्या अंगात साधारण सत्तर टक्के पाणीच असतं. कोरड्या खाण्यात ते जेमतेम आठ-दहा टक्के. म्हणजे ज्या जनावराला तहान लागत नाही त्याला आपण कुरमुरे घालतोय आणि वर म्हणतोय पाणी पीत नाही, गुणी आहे.

आता घरात जे भांडण झालं ते सांगायलाच हवं कारण मला वाटतं सगळ्या घरांत हेच भांडण असतं. काका म्हणाले, चार वर्षं मोकळा होता, काय वाटेल ते खात होता, कधी दवाखाना बघितला नाही (गळू विसरले), पाच महिने कोंडला आणि मरायला टेकला, खाली सोडा त्याला. आत्या रडायला लागली. मी काकांना म्हटलं तुमचं अर्धं बरोबर आहे काका. घरात कोंडलेला, जाडा, ऑपरेशन झालेला, कोरडं खाणारा बोका, हे या आजाराचं अगदी ठरलेलं गिऱ्हाईक आहे आणि घर बदलल्याचा ताण हे पण त्यातलं एक कारण, कारण ताणाने मूत्राशयाला आतून सूज येते आणि पुष्कळ मांजरांत तर खडेबिडे काही न सापडता नुसतं तेवढ्यानेच होतं. पण खाली काय आहे ते बघा ना. पूर्वेला त्याचा इलाका होता, प्रत्येक भिंत त्याची होती. इथे खाली पार्किंगमध्ये तीन कुत्रे, दोन दांडगे बोके, गेटबाहेर दिवसभर रिक्षा, आणि सोसायटी दर दोन महिन्यांनी उंदरांना औषध टाकते, तो औषध खाल्लेला उंदीर याने खाल्ला तर? शिवाय जुन्या घराच्या ओढीने निघाला तर मध्ये रेल्वेचे रूळ. पाचव्या मजल्यावरून मांजर रोज जाणार-येणार कसं हा तर साधा प्रश्न. काका गप्प झाले, पटलं म्हणून नाही, बिल आठवलं म्हणून असावं.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की दार बंद करायचा निर्णय चुकला नव्हता, चुकलं ते असं की दार बंद झालं तेव्हा गुंड्याची अर्ध्याहून जास्त थाळी, त्याचं पाणी, त्याचा व्यायाम आणि त्याचं डोकं चालवायचं काम, हे सगळं बाहेर राहून गेलं आणि आत आलं फक्त वाटीतलं. ते सगळं परत आणून द्यायची जबाबदारी आता आपली झाली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पहिले दोन महिने डॉक्टरांनी लिहून दिलेलं लघवीसाठीचं ओलं खाणं होतं. स्ट्रुव्हाइटचे खडे खाण्याने विरघळू शकतात, दुसरे ऑक्झलेटचे असतात ते विरघळत नाहीत, म्हणून तपासल्याशिवाय आपल्या मनाने ते खाणं चालू करू नये. आणि गुंड्याने ते खायला साफ नकार दिला. वास घ्यायचा आणि जमिनीवर पंजा घासून झाकायचा, जसं काही घाण आहे. पहिला दिवस गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी काका म्हणाले, भूक लागली की खाईल झक मारत. कुत्र्याच्या बाबतीत हे चालून जातं, मांजराच्या बाबतीत अजिबात नाही, आणि जाड्या मांजराच्या बाबतीत तर नाहीच नाही, दोन-तीन दिवस उपास घडला की अंगातली चरबी सगळी लिव्हरकडे धावते आणि लिव्हर बसतं. जाड मांजराला उपाशी ठेवून बारीक करायचं नसतं हे लोकांना खरंच माहीत नाही. शेवटी डॉक्टरांना विचारून युक्ती केली, खाणं वाटीसकट गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, उंदराच्या अंगाएवढं कोमट, म्हणजे वास सुटतो, वर त्याच्या जुन्या दाण्यांचा चुरा भुरभुरायचा आणि रोज चुरा कमी करत जायचा. दहाव्या दिवशी वाटी चाटूनपुसून साफ.

त्यानंतरचा हिशोब मी आणि आत्याने तिच्या दुधाच्या डायरीत मागच्या पानावर केला. जुन्या पद्धतीने तो किती खात होता ते गोणी किती दिवसांत संपली त्यावरून काढलं, दिवसाला साधारण ९५ ग्रॅम दाणे, म्हणजे ३५० कॅलरीच्या आसपास. त्याच्यासारख्या ऑपरेशन झालेल्या, घरात बसणाऱ्या बोक्याला दोनशेच्या आसपास पुरतात, ऑपरेशननंतर गरज चांगली पाव हिश्श्याने कमी होते. एका उंदरात तीसेक कॅलरी धरल्या तर तो दिवसाला अकरा-बारा उंदीर खात होता आणि पकडत एकही नव्हता. आणि त्या ९५ ग्रॅममधून पाणी किती, तर नऊ-दहा मिली. गरज साधारण किलोला पन्नास मिली, म्हणजे अडीचशेच्या वर.

नवीन ताट असं ठरलं, सकाळ-संध्याकाळ एकेक ८५ ग्रॅमचं ओलं पाऊच, दोन्हींत मिळून दीडशेच्या खाली कॅलरी, प्रत्येकात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवून, आणि दिवसभरात मोजून वीस ग्रॅम दाणे पण ते वाटीत नाही, लपवून. पाऊचमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणजे जेवणातूनच दीडशे मिलीच्या वर पोटात जायला लागलं. पाऊच घेताना मागे "संपूर्ण आहार" असं लिहिलंय का ते बघायचं, काही पाऊच नुसते चटकमटक असतात. पाण्याची वाटी खाण्यापासून हलवली, घरात तीन ठिकाणी चिनी मातीची पसरट भांडी ठेवली, तर हा पितो ते आत्याच्या तुळशीच्या तांब्यातलं. आत्याने शेवटी तांब्याच त्याला देऊन टाकला.

काकांना खर्च फार लागला. महिन्याला अडीच-तीन हजार, आमच्या दोघांच्या दुधाचं बिल एवढं येत नाही म्हणाले. मग घरीच चिकन उकडून घालू असं निघालं. रोजचं जेवण म्हणून नुसतं उकडलेलं चिकन पुरत नाही, त्यात कॅल्शियम जवळपास नसतं, वाढत्या पिल्लांना फक्त मांस घातलं तर हाडं ठिसूळ होऊन मोडतात, आणि टॉरिन पाण्यात उतरतं त्यामुळे उकडलेलं पाणी फेकलं की ते पण गेलं. घरचं करायचंच तर डॉक्टरांकडून पूरक पावडर आणि मापं घेऊन करा. आम्ही तडजोड केली, आठवड्यातून दोनदा दोन-तीन तुकडे त्याच्या पाण्यासकट, मीठ नाही आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काकांचा रस्सा बंद. सुकट बंद.

आता घरातलं जग. गॅलरीला कबुतरांची नायलॉनची जाळी होती, आत्याला वाटायचं हे पुरे. गुंड्याने तिला मार्चमध्येच दातांनी भोक पाडलं होतं, कुंडीमागे, आम्हाला जूनमध्ये दिसलं. माझ्या पोटात गोळा आला. मांजर कुठूनही पडलं तरी पायावर पडतं ही म्हण झाली, पायावर पडलं तरी जबडा आणि छाती फुटते. न्यूयॉर्कच्या एका प्राण्यांच्या हॉस्पिटलातला १९८७ चा अभ्यास लोक सारखे सांगतात, इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं, त्यातली नव्वद टक्के जगली, पण ती मोजली कोणती, तर हॉस्पिटलपर्यंत आणलेली, फुटपाथवरच संपली त्यांना कोण कशाला आणतंय. घर भाड्याचं त्यामुळे भिंतीला भोकं पाडता येईनात, मग लोखंडी वेल्डमेश जाळीच्या चौकटी करून ग्रिलला आतून केबल टायने बांधल्या, निघताना काढता येतील अशा. घरमालकाने फोनवर नाराजी दाखवली, फोटो पाठवल्यावर गप्प झाला. खिडकीत ग्रिलला टेकवून जुना पाट बसवला. तिथे बसून तो आता सकाळी कावळ्यांना शिव्या देतो, दात किटकिट वाजवत.

दाणे लपवायचं काम काकांनी अंगावर घेतलं, हे मला सगळ्यात अनपेक्षित. चपलांच्या खोक्याला भोकं पाडली, अंड्यांचे ट्रे, जुने मोजे. मग लाकडी पट्टीला परकराची नाडी आणि नाडीला कबुतराचं पीस, संध्याकाळी पाऊचच्या आधी दहा मिनिटं. शिकार मग जेवण, हा त्यांचा मूळ क्रम आहे. पहिल्या आठवड्यात गुंड्या दोन उड्या मारून आडवा व्हायचा, काकाच जास्त धापा टाकायचे.

याच सुमाराला माझ्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या वहिनींनी मला गाठलं. त्यांची मनी मागच्या दाराने आत-बाहेर करते, आणि गुंड्याचं ऐकून त्यांना वाटलं आपण पण कोंडावं. मी त्यांना कोंडा असं सांगितलं नाही. मनी तिथेच जन्मलेली, मागे सोसायटीची बंद बाग, रस्ता लांब, तिला सगळं ओळखीचं. तिचं ऑपरेशन झालंय, रेबीजची आणि तिहेरी लस घ्या, रात्री घरात घ्या, संध्याकाळचं जेवण ठरलेल्या वेळी द्या म्हणजे ती स्वतःहून येईल, आणि सोसायटीला सांगून उंदरांचं औषध बागेत टाकू देऊ नका, इतकं सांगितलं. त्यांची खरी तक्रार होती की मनी चिमण्या आणून दारात ठेवते. त्यावर इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मध्ये बाहेर फिरणाऱ्या मांजरांवर केलेला प्रयोग मला आठवला, भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळल्याने २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेचा मात्र काही उपयोग दिसला नाही. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा प्रश्न सुटला तरी फायदा नाही. वहिनी मनीला दूध-भातच घालत होत्या. परत तेच, वाटीत दूध-भात आणि खरं जेवण बागेत.

गुंड्याचं पुढे. वजन सावकाश उतरवलं, आठवड्याला फार तर पन्नास-साठ ग्रॅम, त्याहून जास्त नको असं डॉक्टर म्हणाले. काका आधी एकटे काट्यावर उभे राहतात, मग गुंड्याला घेऊन, वजाबाकी डायरीत. ऑगस्टला ५.५, ऑक्टोबरला ५.२. आणि मग दिवाळी. खालच्या गल्लीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री माळा सुरू झाल्या, हा पलंगाखाली गेला तो भाऊबीजेपर्यंत नीट बाहेर आला नाही, आणि टबात थेंब थेंब लाल लघवी. पण थेंब पडत होते, तुंबलं नव्हतं. या वेळी आत्याने वाट बघितली नाही, पहाटे सहाला डॉक्टरांना फोन. तपासलं तर स्फटिक नाहीत, नुसती ताणाची सूज. वेदनाशामक, पाणी वाढवणं आणि आतल्या खोलीत पडदे लावून त्याची पेटी, चार दिवसांत सावरला. म्हणजे खाणं सुधारून सगळं सुटलं असं नाही झालं, ताण हा वेगळा हिशोब आहे, आणि हे मी त्या काकांच्या बाजूने लिहितेय ज्यांचं अर्धं बरोबर होतं.

नवीन बिल्डिंगचा पाया भरून झालाय. आत्याला तिसरा मजला मिळणार, काकांनी बिल्डरच्या माणसाला आत्ताच विचारून ठेवलंय की मागच्या गॅलरीला पूर्ण ग्रिल बसवून द्याल का, आणि फणस तोडला का ठेवला. फणस ठेवलाय म्हणे. गॅलरीतून तो दिसेल का यावर अजून वाद चालू आहे.

परवा गेले तर ४.९. कोळणीला आता आत्या खाली जाऊन गाठते. गुंड्याला महिन्यातून एकदा मांदेलीचं एक डोकं, शिजवून, असं डॉक्टरांशी ठरलंय. मी स्वयंपाकघरात होते, बाहेरून आत्याचा आवाज आला, "अहो, एक म्हटलंय ना, दुसरं कुठे गेलं?" आणि काका म्हणाले, पडलं.